पहिल्या नंबरचे वाचक

या लेखात 'मी' नाही. आम्ही तीन भावंडं. थोरला पुण्यात नोकरीला, बहीण सांगलीत दिलेली, धाकटा गावात राहून शेती आणि दुकान बघतो. लिहिण्याचं काम तिघांपैकी एकाच्या वाट्याला आलं असलं तरी जे घडलं ते तिघांनी मिळून केलं, म्हणून सांगणंही तिघांचंच. लिहून झाल्यावर हा मजकूर एकत्र बसून वाचला, दोन ठिकाणी भांडण झालं, आणि मग तो इथं पाठवला.

विषय एका इंग्रजी चित्रपटाचा आहे. त्याचं नाव 'मिझरी'.

१९९३ च्या उन्हाळ्यात आम्ही तो पहिल्यांदा पाहिला. टीव्ही घरचा होता, व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं आणलेला. भाडं वसूल व्हावं म्हणून रात्रभर जागून चार चित्रपट बघायचे, ही तेव्हाची रीत. तीन हिंदी कॅसेटी आम्ही निवडल्या. चौथी दुकानदारानं स्वतःच हातात दिली. म्हणाला, "इंग्लिश आहे, भुताचा आहे, घेऊन जा."

भूत काही निघालं नाही. निघाली एक नर्स.

अम्मीला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला अर्धंमुर्धं यायचं. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते खुर्ची पुढं ओढून बसले आणि अम्मीला एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. पॉल शेल्डन नावाचा एक लेखक आहे. 'मिझरी' नावाच्या नायिकेच्या कादंबऱ्यांची त्यानं माळच लावली आहे, त्यावर त्याला पैसाही चिक्कार मिळाला आहे. पण आता त्याला तिचा कंटाळा आला आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात एका लॉजवर बसून त्यानं एक वेगळी, मनापासूनची कादंबरी पुरी केली आहे. पुस्तक संपलं की एक सिगारेट, एक काडी आणि शॅम्पेन, असा त्याचा नेम. शॅम्पेनची बाटली दिसली तेव्हा अब्बांनी अम्मीला "सोडा आहे" असं सांगितलं. हस्तलिखिताची एकुलती एक प्रत चामडी बॅगेत टाकून तो निघतो. वाटेत बर्फाचं वादळ येतं, गाडी दरीत कोसळते. एक धिप्पाड बाई त्याला ओढून काढते, घरी नेते, मोडलेल्या पायांना पट्ट्या बांधते, वेळेवर गोळ्या देते, चमच्यानं सूप भरवते, दाढी करून देते. तिचं नाव अ‍ॅनी विल्क्स. ती नर्स आहे, आणि आपण तुमच्या पहिल्या नंबरच्या चाहत्या आहोत, असं ती त्याला पुनःपुन्हा सांगते.

अम्मी म्हणाली, "किती करती बिचारी. पोटची लेकसुद्धा एवढं करायची नाही."

आम्ही हसलो. पण त्या क्षणी अम्मीचं काही चुकलं नव्हतं. अ‍ॅनी खरोखरच सेवा करत होती. चित्रपटाची भीती तिथूनच सुरू होते. रस्ते बंद आहेत, फोन बंद आहेत, असं ती सांगते, आणि आपण विश्वास ठेवतो. मग ती ते नवं हस्तलिखित वाचते आणि तिला त्यातल्या शिव्या आवडत नाहीत. मग तिच्या हातात मिझरीची ताजी कादंबरी पडते. तिच्यात मिझरी बाळंतपणात मरते. आपल्या लाडक्या नायिकेला लेखकानं मारलं, हे अ‍ॅनीला सहन होत नाही. त्या रात्री पॉलला आणि आपल्यालाही कळतं, की तो इथं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. दवाखान्याला कळवलेलं नाही, मुलीला कळवलेलं नाही. खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप आहे.

पुढच्या प्रसंगात अ‍ॅनी मांसाचे तुकडे भाजायची शेगडी त्याच्या खाटेजवळ आणते. तिच्यावर नव्या कादंबरीचं हस्तलिखित ठेवते आणि काडी त्याच्या हातात देते. त्यानंच जाळायचं. दुसरी प्रत नाही, हे तिला ठाऊक आहे, कारण त्यानंच ते एका मुलाखतीत सांगितलेलं आहे. तो नाही म्हणतो. ती आवाज चढवत नाही. शेगडी पेटवायचं तेल त्याच्या अंथरुणावर थोडं थोडं शिंपडत गोड बोलत राहते. शेवटी तो काडी ओढतो.

तिथं अब्बा उठले.

आम्ही म्हटलं, "अब्बा, अजून निम्मा आहे." ते म्हणाले, "बघा तुम्ही. मला नाही बघवत." आणि अंगणात बाजेवर जाऊन पडले.

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग पुढं आहे. पॉल खोलीतून बाहेर पडला होता हे कळल्यावर अ‍ॅनी त्याला खाटेला बांधते, दोन घोट्यांमध्ये लाकडाचा ठोकळा ठेवते आणि घणानं दोन्ही घोटे मोडते. त्या वेळी आम्ही तिघांनीही डोळे झाकले, अम्मी तर आत निघून गेली. सकाळी अब्बांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं." मग विचारलं, "पुढं काय करते ती त्याचं?" आम्ही सांगितलं, की चाकाची खुर्ची आणि टाईपरायटर आणून देते, आणि मेलेल्या मिझरीला जिवंत करणारी कादंबरी लिहून घेते. अब्बा म्हणाले, "म्हणजे शहरजादच की."

आम्हाला ते लगेच कळलं. चिपळूणकरांचं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आमच्या घरी होतं, आणि लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री अब्बा त्यातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत. गोष्ट चालू आहे तोवर जीव आहे. गोष्ट संपली की मान उतरली.

पुढं वाचून कळलेल्या चार गोष्टी इथं सांगायला हव्यात. हा चित्रपट १९९० चा. दिग्दर्शक रॉब रायनर, पटकथा विल्यम गोल्डमन यांची, मूळ कादंबरी स्टीफन किंग यांची, १९८७ ची. कादंबरीत अ‍ॅनी कुऱ्हाडीनं पॉलचं पाऊल तोडते. चित्रपटात पाऊल शाबूत ठेवून घोटे मोडले, आणि ते जास्त सोसवेनासं झालं. पॉलचं काम जेम्स कान यांनी केलं. अ‍ॅनी झालेल्या कॅथी बेट्स तोवर मुख्यतः रंगभूमीवर ओळखल्या जात. या भूमिकेसाठी १९९१ साली त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. किंग यांनी पुढं सांगितलं, की अ‍ॅनी म्हणजे त्यांना स्वतःला जडलेलं व्यसन होतं. व्यसनही माणसाची सेवा करतं, वेळेवर गोळी देतं आणि दार बाहेरून लावून घेतं.

हे सगळं आम्ही आवडीनं वाचलं होतं. चारचौघांत सांगतही होतो. त्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात अब्बा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, अम्मी जाऊन चार वर्षं झाली होती. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, सळई बसवली आणि आम्ही त्यांना गावच्या घरी आणलं. पाळ्या लावल्या. सांगलीहून बहीण आठवड्यातले चार दिवस येई, थोरला शनिवार-रविवार पुण्याहून येई, धाकटा घरातच होता. शीपॅन देणं, अंग पुसणं, पाठीला पावडर लावणं, गोळ्यांचा हिशोब ठेवणं, यात आम्ही कुठं कमी पडलो नाही. गाव म्हणायचं, पोरं असावीत तर मास्तरांसारखी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकट्यानं उठू देऊ नका, पुन्हा पडले तर अवघड आहे. म्हणून वॉकर त्यांच्या हाताला लागणार नाही असा कोपऱ्यात ठेवला. फोनवर बोलून दमतात, म्हणून फोन आमच्याकडे ठेवला. बँकेचं पुस्तक कपाटात ठेवलं आणि किल्ली बहिणीच्या पर्समध्ये. एकदा शेजारच्या गावात लग्न होतं, तिघांनाही जाणं भाग होतं. तीन तासांसाठी बाहेरून कडी लावली. परत आलो तेव्हा अब्बा जागे होते. एवढंच म्हणाले, "कडी लावताना आवाज होतो."

यातली एकेक गोष्ट त्यांच्या भल्याची होती. आजही तसंच वाटतं. पण त्या सगळ्या एका ओळीत मांडल्या की कसं चित्र दिसतं, ते वाचणाऱ्याला सांगायला नको.

पडल्या पडल्या अब्बा लिहायला लागले. दोनशे पानी वही, निळी शाई, मास्तरी वळण. पानावर आधी वर उजवीकडे आकडा घालायचा, मग लिहायचं. बालपण, कृष्णेचा पूर, पहिली नेमणूक, एकशिक्षकी शाळा, शाळेच्या भिंतीवर पोरांकडून रंगवून घेतलेले नकाशे. आम्हाला फार आनंद झाला. रात्री ते झोपल्यावर आम्ही वही वाचायचो आणि फोनवर एकमेकांना सांगायचो. आम्ही त्यांचे पहिल्या नंबरचे वाचक होतो.

मग एकसष्टावं पान आलं.

अब्बांना एकच बहीण, दोन वर्षांनी धाकटी. आमची फुफी. नवऱ्यानं सोडल्यावर दोन पोरं घेऊन ती माहेरी परत आली होती. आजोबा वारले तेव्हा जमीन होती साडेचार एकर. शरियतीप्रमाणे भावाचे दोन हिस्से आणि बहिणीचा एक. म्हणजे फुफीची दीड एकर. १९६७ साली वारसनोंद व्हायची होती. गावातल्या जाणत्यांनी अब्बांना सल्ला दिला, की बाईचं नाव सातबाऱ्यावर लावलंस तर उद्या नवरा दारात उभा राहील. 'मला हिस्सा नको' असा फुफीचा जबाब तलाठ्यापुढं द्यायचा ठरला. फुफी शाळेत गेलेली नव्हती. जबाब तिला वाचून दाखवायचं काम घरातल्या शिकलेल्या माणसाकडं आलं. अब्बांनी कागद हातात धरला आणि वाचलं ते दुसरंच. सोसायटीचं कर्ज काढायचंय, घरातल्या सगळ्यांचे अंगठे लागतात, असं वाचलं. फुफीनं अंगठा दिला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत ती पोरांना घेऊन इचलकरंजीला गेली. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात तिचा जन्म गेला. तिची पोरंही मागावरच लागली. आम्ही तिघं शिकलो ते उसाच्या बिलावर, आणि त्यात त्या दीड एकराचं बिल दरसाल होतं.

एकसष्ट ते चौऱ्याहत्तर, अशी चौदा पानं अब्बांनी यावर लिहिली होती. कुणाला दोष दिला नव्हता. मी मास्तर होतो, पोरांना स्पष्ट वाचायला शिकवायचो, आणि बहिणीपुढं खोटं वाचलं, अशा अर्थाचं होतं ते.

आम्ही तिघं त्या रविवारी एकत्र बसलो. बोलताना शब्द वापरले ते 'अब्बांची इज्जत' आणि 'घराण्याचं नाव' हे. मनात काय होतं ते आज लिहितो. शेजारून जाणारा रस्ता मोठा झाला होता, जमिनीला भाव आला होता, आणि फुफीच्या पोरांच्या हातात अब्बांच्या अक्षरातला कागद पडला तर काय, ही ती भीती.

आम्ही अब्बांच्या खाटेशी गेलो. कुणीही आवाज चढवला नाही. बहीण म्हणाली, "अब्बा, एवढी पानं तेवढी काढा. बाकी किती सुंदर लिहिलंय तुम्ही." थोरला म्हणाला, "आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?" धाकटा काहीच बोलला नाही, दारात उभा राहिला. अब्बांनी एकेकाकडं बघितलं. त्या दिवशी दुपारची गोळी द्यायची राहून गेली होती, या बोलण्याच्या गडबडीत. मुद्दाम नव्हे. पण अब्बांना ते काय वाटलं असेल, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. पाणी प्यायचं तर आम्ही, कूस बदलायची तर आम्ही, लघवीला जायचं तर आम्ही. अशा माणसाला आम्ही विनंती करत होतो.

त्यांनी वही उघडली आणि चौदा पानं स्वतःच्या हातानं फाडली. सरळ, शिवणीपाशी धरून, शाळेत कोरा कागद काढायचे तशी. आमच्याकडं देऊन म्हणाले, "बंबात घाला. अंघोळीचं पाणी तापेल."

आम्ही घातली. त्याच पाण्यानं त्यांना आंघोळ घातली.

त्यानंतरही अब्बा लिहीत राहिले; आम्हाला आवडेल असं. विद्यार्थ्यांच्या गमती, गावचा उरूस, निवृत्तीचा समारंभ. २०१३ साली आम्ही त्याची छोटी पुस्तिका छापून घेतली, दोनशे प्रती. तोवर अब्बा काठी घेऊन चालू लागले होते. शाळेत कार्यक्रम झाला, हार-तुरे झाले, जुन्या विद्यार्थ्यांनी पाया पडून सह्या घेतल्या. पुढं त्यांनी एक ओळही लिहिली नाही. फोन परत दिला होता, पण फार वापरायचे नाहीत. आजारपणात फुफी एकदा भेटायला आली होती, तेव्हा आमच्यापैकी एकजण पूर्ण वेळ खोलीत बसून होता. बरे झाल्यावरही अब्बा इचलकरंजीला गेले नाहीत. न बोलणं त्यांनाही सोपं वाटलं असेल. पण ती सोपी वाट आम्ही करून दिली होती. २०१५ मध्ये अब्बा गेले.

आणि २०२३ ची रमजान ईद. शिरखुर्मा झाला, जेवणं झाली, पोरं मोठ्या टीव्हीवर काहीतरी लावत होती. थोरल्याचा मुलगा म्हणाला, "हॉररमध्ये हा क्लासिक आहे." पडद्यावर बर्फ दिसलं, लॉज दिसलं, टाईपरायटर दिसला. आम्ही तिघं एकमेकांकडं बघून हसलो. तीस वर्षांपूर्वीची रात्र आठवली. बसलो बघायला. या वेळी खाली अक्षरं येत होती, एकही वाक्य सुटत नव्हतं.

सूप भरवण्याच्या प्रसंगापर्यंत हसणं चालू होतं. शेगडी आली आणि खोलीत कुणी बोलेना. बहीण आधी उठली. ती बरोबर त्याच ठिकाणी उठली जिथं अब्बा उठले होते. पण अंगणातून परत येऊन बसली, आणि आम्ही शेवटपर्यंत बघितलं.

या वेळी तीन गोष्टी दिसल्या, त्या १९९३ मध्ये दिसल्या नव्हत्या.

पहिली, ती कात्रणांची वही. पॉल चोरून घरात फिरतो तेव्हा त्याला ती सापडते. वडिलांचा मृत्यू, शिकतानाची सोबतीण, वरिष्ठ नर्स, आणि मग बाळंतिणींच्या विभागात एकामागून एक गेलेली तान्ही मुलं. खटला झाला आणि अ‍ॅनी सुटली. इतक्यांना मारलेली बाई, पण ते सगळं तिनं नीट कापून, चिकटवून, जपून ठेवलं आहे. तिच्या लेखी तो तिच्या आयुष्याचा अल्बम आहे. आपण कुणाचं वाईट केलं असं तिला वाटतच नाही. आमच्याही घरी अल्बम आहे. त्यात अब्बांच्या कार्यक्रमाचे फोटो आहेत, हार घातलेले.

दुसरी, रॉकेटमॅनची गोष्ट. पॉल मिझरीला जिवंत करण्यासाठी घाईघाईत काहीतरी जुळवतो, आणि अ‍ॅनी ते फेकून देते. ती सांगते, की लहानपणी ती दर आठवड्याला भागांची चित्रपटमालिका बघायला जायची. एका भागाच्या शेवटी नायकाची गाडी कड्यावरून पडली. पुढच्या भागात दाखवलं, की तो आधीच उडी मारून बाहेर पडला होता. ती भर थिएटरात उठून ओरडली होती, की ही फसवणूक आहे, तो गाडीतून बाहेर पडला नव्हता. तिचं म्हणणं असं, की गोष्ट हवी तशी वळवा, पण मागं जे घडलं ते घडलंच नाही असं म्हणू नका.

खुनी बाई, पण वाचक म्हणून ती आमच्यापेक्षा प्रामाणिक होती. अब्बांच्या पुस्तिकेत पहिल्या प्रकरणात बहीण आहे. पुरात भावाचा हात धरून चालते, चिंचा पाडते, मार खाते. पुढं ती नाहीशी होते. मेली म्हणून नाही, दूर गेली म्हणून नाही, नुसतीच नाही. दोनशे प्रती वाटल्या, कुणी विचारलं नाही. ती पुस्तिका अ‍ॅनीच्या हातात पडली असती, तर तिनं पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की बहीण कुठं गेली?

तिसरी गोष्ट चिनी मातीच्या पेंग्विनची. अ‍ॅनीच्या बैठकीत एका छोट्या टेबलावर तो आहे, आणि त्याचं तोंड नेहमी ठरलेल्या दिशेला असतं. पॉलच्या धक्क्यानं तो पडतो, पॉल त्याला झेलून परत ठेवतो, पण तोंड उलट्या दिशेला राहतं. एवढ्यावरून अ‍ॅनीला सगळं कळतं.

चित्रपट संपला. पॉल पुन्हा सिगारेट, काडी आणि शॅम्पेन मागतो, आणि अ‍ॅनीला हवी असलेली कादंबरी तिच्या डोळ्यांदेखत पेटवून देतो. मूळ पुस्तकात तो तिला फसवतो, दुसरेच कागद जाळतो आणि खरी कादंबरी लपवून ठेवतो. चित्रपटात खरीच जाळतो. मारामारीत अ‍ॅनी मरते. दीड वर्षानं तो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसलेला दिसतो, हातात काठी. वाढणारी मुलगी जवळ येते आणि आपण त्याच्या पहिल्या नंबरच्या चाहत्या आहोत असं म्हणते, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते आम्ही ओळखलं. शाळेतल्या कार्यक्रमात सह्या करताना अब्बांचा चेहरा तसाच होता.

पोरं झोपल्यावर धाकट्यानं कपाटातून वही काढली. साठाव्या पानानंतर फाटलेल्या कागदांच्या अरुंद कडा, आणि पुढच्या पानावर वर उजवीकडे आकडा पंच्याहत्तर. अब्बांनी आकडे बदलले नव्हते. पाच-सहा आकडे खोडून नवे घालायला दोन मिनिटं लागली असती. चुकीचा आकडा त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. ते तसेच ठेवून गेले होते, आणि ती वही दहा वर्षं आमच्या घरात होती.

त्या रात्री आम्ही ठरवलं. आधी आठवून लिहायला बसलो. चौदा पानं काही लिहिता आली नाहीत, अब्बांचे शब्द गेले ते गेलेच. पण काय घडलं, कोणत्या साली, कागदावर काय होतं आणि वाचलं काय, एवढं तिघांच्या आठवणीतून जुळवून सहा पानं झाली. त्यात शेवटी बंबाचंही लिहिलं. जमिनीचंही ठरलं. दीड एकराचं बक्षीसपत्र २०२४ मध्ये नोंदलं गेलं, आणि सत्तावन्न वर्षांनी फुफीचं नाव सातबाऱ्यावर आलं. याबद्दल कुणी आमचं कौतुक करू नये. बाकीच्या वर्षांच्या उसाचा हिशोब आम्ही केलेला नाही, आणि तो करता येईल असं वाटतही नाही.

आधी मात्र इचलकरंजीला गेलो होतो, ईदनंतरच्या रविवारी. फुफी पंच्याऐंशीला टेकलेली. दोन खोल्या, भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट. तिची दोन्ही पोरं बसली होती, बहिणीनं चहा बाजूला ठेवला आणि थोरल्यानं सहा पानं वाचली. मोठ्यानं, मागांच्या आवाजावर ऐकू जाईल इतक्या.

फुफी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "मेरेकू मालूम था."

आम्ही गप्प.

"तुम्हारा बाप वाचता था तो पूरी गल्ली सुनती थी. उस दिन उसकी आवाज निकलतीच नै थी." वाचता येत नव्हतं तरी ऐकायला येत होतं, असं तिचं म्हणणं. मग तिनं अंगठा का दिला? तर भावानं मागितला म्हणून. पुढं येऊन तो सांगेल, असं वाटत राहिलं. आजारपणात भेटायला गेले तेव्हा तो सांगणार होता, असंही वाटलं. पण खोलीत माणूस होता.

मोठा आतेभाऊ जमिनीचं काहीतरी विचारू लागला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. "वो बाद में." आणि थोरल्याच्या हातातले कागद मागून घेतले. उलटे-सुलटे करून बघितले. बोट फिरवलं. मग विचारलं, "इस कागद पे वहीच लिख्या है ना, जो तूने वाच्या?"

थोरला म्हणाला, "हां फुफी, वहीच."

तिनं मान हलवली. पण कागद परत दिले नाहीत. आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करत बसलेल्या नातीला हाक मारली, जवळ बसवून घेतलं आणि पानं तिच्या हातात दिली. म्हणाली, "तू वाच."

नातीनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. फुफी एकेक शब्द जुळवून बघत होती. आम्ही खाली बघत ऐकत बसलो.